चार वर्षं आणि अडीच मिनिटं

जानेवारी सरता सरता किंवा फेब्रुवारी लागता लागता एका रविवारी मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर इंडियन डर्बी होते. अंतर २,४०० मीटर. घोड्यांना त्यासाठी साधारण अडीच मिनिटं लागतात. महालक्ष्मीहून सुटलेली लोकल लोअर परळला टेकेपर्यंत शर्यत संपलेली असते.

डर्बी फक्त चार वर्षांच्या घोड्यांसाठी असते आणि घोडा चार वर्षांचा एकदाच होतो. त्या दिवशी तो खोकला, लंगडला किंवा नुसता बिथरला तरी विषय संपला. पुढच्या वर्षी पुन्हा बसायची सोय नाही, पुरवणी परीक्षा नाही. स्टँडमध्ये उभ्या असलेल्या हजारो माणसांना दिसतात ती ही अडीच मिनिटं. त्यांच्यामागे एका घोड्याची चार वर्षं असतात, त्याच्या घराण्याची तीनशे वर्षं असतात आणि पंचवीस-तीस जणांची रोजची पोटापाण्याची कामं असतात. मराठी घरात रेसचं नाव निघालं की आधी आठवतो तो एखादा दूरचा काका, ज्यानं रेसच्या नादात घर विकलं. ते खोटं नाही. पण त्या काकानं सगळं लक्ष तिकीटखिडकीवर ठेवलं होतं. तिथून घोडा दिसत नाही.

ढांगेगणिक एक श्वास

शर्यतीचा घोडा साधारण साडेचारशे ते पाचशे किलोंचा असतो. पाठीवर जॉकी, जीन आणि शिशाची वजनं मिळून पंचावन्न-साठ किलो. एवढा भार घेऊन तो अडीच मिनिटं ताशी सत्तावन्न-अठ्ठावन्न किलोमीटरच्या सरासरीनं पळतो. चौखूर पळताना त्याची एक ढांग सहा-सात मीटरची असते, म्हणजे पूर्ण डर्बी जेमतेम पावणेचारशे ढांगांची.

या पळण्यातली एक गंमत फारशी कुणाला ठाऊक नसते. घोड्याला तोंडानं श्वास घेता येत नाही, सगळा कारभार नाकपुड्यांवर. त्यातून चौखूर धावताना त्याचा श्वास ढांगेला बांधलेला असतो. पुढचे पाय जमिनीवर टेकतात तेव्हा उच्छ्वास, शरीर ताणलं जातं तेव्हा श्वास. एका ढांगेला एकच. त्यामुळे दम लागला म्हणून त्याला मध्येच दोन श्वास जास्त घेता येत नाहीत. जॉकी सुरुवातीला लगाम आवरून धरतो त्यामागे हे गणित असतं. शर्यतीची ढांग लांब आणि सैल ठेवायची आणि शेवटच्या चारशे मीटरांसाठी काहीतरी शिल्लक राखायचं.

तबेल्यात स्वस्थ उभ्या असलेल्या घोड्याची नाडी मिनिटाला तीस-चाळीस असते. पूर्ण वेगात ती दोनशेवीसच्याही पुढे जाते. शिवाय निसर्गानं त्याला एक राखीव टाकी दिली आहे. त्याच्या प्लीहेत तांबड्या रक्तपेशींचा मोठा साठा असतो. पळायला सुरुवात होताच प्लीहा आकुंचन पावते आणि तो साठा रक्तात सोडते. त्यामुळे रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद काही क्षणांत वाढते. माणसं ज्यासाठी बंदी घातलेली औषधं टोचून घेतात, ते घोडा उपजतच करतो.

पळणाऱ्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी हवेत असतात का, हा प्रश्न माणसांना फार काळ छळत होता. चित्रकार पुढचे दोन पाय पुढे आणि मागचे दोन मागे ताणलेला, तरंगता घोडा काढत. १८७८ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकारानं ओळीनं कॅमेरे मांडून पळत्या घोडीची छायाचित्रं घेतली. चारही पाय हवेत असतात, हे त्यात दिसलं. पण ते ताणलेले नसतात, पोटाखाली गोळा झालेले असतात. शेकडो वर्षांची चित्रं त्या दिवशी चुकीची ठरली. हलत्या चित्रांच्या, म्हणजे सिनेमाच्या, इतिहासाची सुरुवातही बरेचजण इथूनच सांगतात.

त्याच पायांत घोड्याचं दुर्दैवही आहे. गुडघ्याखाली त्याच्या पायाला स्नायू जवळपास नाहीतच. हाड, शिरा, कंडरा आणि शेवटी एकच बोट, ज्याला आपण खूर म्हणतो. म्हणूनच पाय हलका आणि वेगवान, आणि म्हणूनच तो मोडला की जुळणं अवघड. पाचशे किलोंचा प्राणी आठवडेच्या आठवडे आडवा राहू शकत नाही. तीन पायांवर उभा राहिला तर धडधाकट पायांच्या खुरांतही सूज येते आणि तीच जिवावर बेतते. शर्यतीत पाय मोडलेल्या घोड्याला बऱ्याचदा तिथल्या तिथे वेदनामुक्त मरण द्यावं लागतं. ही या खेळाची काळी बाजू आहे. ट्रॅकची माती, गवत आणि ओलावा यांची रोज काळजी घेणारे माळी आणि मुकादम पाहुण्यांच्या नजरेत भरत नाहीत, पण घोड्याचा जीव आधी त्यांच्या हातात असतो.

खरारा, नाल आणि पहाटेचं काम

आता चार वर्षं मागे जाऊ. शर्यतीचे घोडे थरोब्रेड जातीचे असतात आणि या जातीत कृत्रिम रेतन चालत नाही. वळू घोडा आणि घोडी यांचा प्रत्यक्ष संयोग व्हावा लागतो, तरच शिंगराची नोंद होते. घोडी अकरा महिने गाभण असते. आपल्याकडे जातीच्या कागदांवर सगळ्या शिंगरांचा वाढदिवस १ जानेवारीच. फेब्रुवारीत जन्मलेलं आणि मे महिन्यात जन्मलेलं शिंगरू त्या दिवशी एकदमच एक वर्षाचं होतं. साहजिकच पैदास करणाऱ्यांचा प्रयत्न असतो की शिंगरू वर्षाच्या आरंभीच पडावं. शर्यतीत तीन महिन्यांचं मोठेपणही कामी येतं.

पुण्याभोवतीची कोरडी हवा आणि माळरानं या कामाला मानवली. मांजरी, येरवडा, तळेगावजवळचं नाणोली ही नावं रेसच्या जगात स्टड फार्मची नावं म्हणून ओळखली जातात. तिथे शिंगरू वाढतं. त्याची जनुकचाचणी होते, नोंद होते, नाव ठरतं. नाव मोकळ्या जागा धरून अठरा अक्षरचिन्हांपेक्षा लांब चालत नाही. दीड-दोन वर्षांचं झालं की त्याला माणसाची सवय लावायची. आधी पाठीवर नुसतं कापड, मग जीन, मग तंग आवळायचा, मग पोटावर आडवा झालेला हलका मुलगा आणि शेवटी रिकिबीत पाय घातलेला स्वार. घाई केली की घोडा आयुष्यभरासाठी बिघडतो. त्यानंतर तो मुंबई-पुण्याच्या तबेल्यात ट्रेनरच्या हाती येतो.

तबेल्याचा दिवस पहाटे चारच्या आसपास उजाडतो. घोड्याचा सगळ्यात जवळचा माणूस म्हणजे त्याचा मोतद्दार किंवा सईस. खरारा करणं, खूर साफ करणं, पाणी, ओट, लसूणघास आणि गाजर, सगळं त्याच्याकडे. सकाळी पायाची नळी हातानं दाबून बघणारा आणि 'आज डावा पुढचा जरा गरम लागतोय' असं सांगणारा पहिला माणूस तोच. डॉक्टरांचं यंत्र त्याच्यानंतर येतं. मग सरावाचे स्वार घोड्यांना ट्रॅकवर नेतात. आधी दुडकी चाल, मग हलकी दौड, आणि आठवड्यातल्या ठरावीक दिवशी वेगाचं काम. ट्रेनर हातात घड्याळ घेऊन उभा असतो. सहाशे मीटर किती सेकंदांत, शेवटी घोडा ओढत होता की थकला होता, परत आल्यावर श्वास किती वेळात खाली बसला, दाणा खाल्ला की टाकला, या नोंदींवर त्याचा सगळा धंदा चालतो.

नालबंदाचं काम तर घड्याळजीचं. सरावाला पोलादी नाल, शर्यतीला अ‍ॅल्युमिनियमची हलकी नाल. खिळा एका बाजूला जरा सरकला की पाय गेला. जनावरांचा डॉक्टर व्हायचं असेल तर मुंबईत १८८६ मध्ये सुरू झालेलं परळचं पशुवैद्यक महाविद्यालय रेसकोर्सपासून फार लांब नाही. त्याशिवाय शर्यती भरवणाऱ्या क्लबचे स्वतःचे पगारी अधिकारी असतात. कोणत्या घोड्यानं किती वजन वाहायचं ते ठरवणारा हँडिकॅपर, घोडे फाटकात उभे करून शर्यत सोडणारा स्टार्टर, निकाल देणारा जज, जॉकी प्रामाणिकपणे घोडा पळवतोय की आवरतोय हे तपासणारे स्टीवर्ड. रेसमध्ये करिअर म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे जॉकी येतो, पण जॉकी हे या डोंगराचं टोक आहे. बहुतेकांची उपजीविका पायथ्याला आहे.

जॉकी: वजनकाट्यावरचं आयुष्य

शर्यतीआधी जॉकी जीन घेऊन वजनकाट्यावर उभा राहतो. शर्यत संपल्यावर पुन्हा उभा राहतो. ठरलेल्यापेक्षा वजन कमी भरलं तर जिंकलेली शर्यत हातची जाते. याचं कारण हँडिकॅप नावाच्या व्यवस्थेत आहे. आधी चांगले पळालेल्या घोड्यांवर जास्त वजन, साधारण घोड्यांवर कमी. हेतू हा की सगळ्यांनी एकाच वेळी अंतिम रेषेवर पोचावं. तसं कधी होत नाही, पण हँडिकॅपरचं यश त्यात मोजतात. डर्बीसारख्या क्लासिक शर्यतीत मात्र ही कुबडी नाही. सगळे घोडे सारखंच वजन वाहतात, घोडींना तेवढी थोडी सूट. म्हणूनच क्लासिक जिंकलेल्या घोड्याच्या नावाला वेगळा मान.

हँडिकॅपमध्ये कमी वजन मिळालेल्या घोड्यावर पन्नास किलोंच्या आतबाहेरचा स्वार लागतो. प्रौढ पुरुषाला हे वजन वर्षानुवर्षं राखायचं म्हणजे रोज पोटाशी भांडण. इंग्लंडचा फ्रेड आर्चर हा एकोणिसाव्या शतकातला सर्वांत मोठा जॉकी. सलग तेरा वर्षं तो देशात पहिला होता. उंची मात्र पाच फूट दहा इंच. वजन खाली ठेवण्यासाठी त्यानं शरीराची उपासमार केली. पत्नीच्या मृत्यूचं दुःख, त्यात आजारपण, आणि १८८६ मध्ये वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी त्यानं स्वतःवर गोळी झाडून घेतली. आज आहारतज्ज्ञ आहेत, नियम अधिक समंजस आहेत, पण काटा तोच आहे.

जॉकी घोड्यावर बसतो असं आपण म्हणतो. शर्यतीत तो बसत नाही. आखूड रिकिबीत गुडघे मुडपून, अंग घोड्याच्या मानेवर झुकवून तो अधांतरी असतो. ही पद्धत इंग्लंडमध्ये रूढ झाली ती १८९७ नंतर, टॉड स्लोन या अमेरिकी जॉकीमुळे. त्याआधी स्वार ताठ बसत. स्लोनला लोक माकड म्हणून हसले आणि मग त्याच्या मागे हरू लागले. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये यामागचं कारण मोजून दाखवलं. या पवित्र्यात घोडा वरखाली होतो, पण जॉकीचं शरीर जवळपास एका रेषेत पुढे जात राहतं. घोड्याला त्याचं वजन वाहावं लागतं, पण दर ढांगेला ते उचलून आपटावं लागत नाही. पवित्रा बदलला त्या काळात शर्यतीच्या वेळा पाच ते सात टक्क्यांनी सुधारल्या होत्या. त्याची किंमत जॉकीच्या मांड्या मोजतात. घरी खुर्चीशिवाय अर्ध्या बैठकीत अडीच मिनिटं थांबून पाहा, म्हणजे कळेल.

या धंद्यात शिरायची वाट ठरलेली आहे. क्लबांच्या शिकाऊ जॉकींच्या शाळा असतात. किशोरवयातली, हलक्या हाडाची, घोड्याला न घाबरणारी मुलं तिथे घेतात. पहिली काही वर्षं तबेल्यातली सगळी कामं करावी लागतात, मग सरावाची स्वारी, मग परवाना. शिकाऊ जॉकी असेपर्यंत त्याच्या घोड्याला वजनात काही किलोंची सूट मिळते आणि तो जिंकत जाईल तशी ती कमी होत जाते. म्हणजे यश मिळू लागलं की सवलत सुटते. बरेच जण त्याच वळणावर मागे पडतात आणि सरावाचे स्वार म्हणून राहतात. त्यात कमीपणा नाही, तबेला त्यांच्यावरच चालतो. कमाई मुख्यतः दर स्वारीच्या मानधनावर आणि बक्षिसातल्या टक्क्यावर. पडल्यावर हाड जुळेपर्यंत घरी बसावं लागतं.

टोकावर पोचलेले थोडे. पेसी श्रॉफ यांनी जॉकी म्हणून आठ वेळा इंडियन डर्बी जिंकली आणि निवृत्तीनंतर ट्रेनर म्हणून दुसरी कारकीर्द उभी केली. त्यांच्या आधीच्या पिढीत ट्रेनर रशीद बायरामजी यांनी स्क्वांडरर आणि इल्युसिव्ह पिंपरनेल हे घोडे घडवले. स्क्वांडरर १९ शर्यती धावला आणि त्यातल्या १८ जिंकला. इल्युसिव्ह पिंपरनेल ही घोडी २३ पैकी २२ जिंकली. मुलींसाठीही ही वाट आता बंद नाही. चेन्नईच्या रूपा सिंग यांचं नाव देशातल्या पहिल्या व्यावसायिक महिला जॉकी म्हणून घेतलं जातं. घोड्याला पाठीवरचा हात कळतो, तो बाईचा की पुरुषाचा याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. हे मालकांच्या गळी उतरायला मात्र बराच वेळ लागला.

तीन घोडे आणि एक सयाजीराव

घोड्यांच्या शर्यती प्राचीन ऑलिंपिकमध्येही होत. ख्रिस्तपूर्व ६८० मध्ये तिथे चार घोड्यांच्या रथांची शर्यत आली आणि ६४८ मध्ये स्वारांची. विजयाचा मान स्वाराला नव्हे, मालकाला मिळे. करिंथच्या फिडोलास नावाच्या माणसाची ऑरा नावाची घोडी होती. सुरुवातीलाच तिचा स्वार पडला. ती एकटीच नियमानं पळत राहिली, खांबाला वळसा घालून पहिली आली आणि पंचांसमोर थांबली. पंचांनी तिच्या मालकाला विजेता ठरवलं. आजही डर्बीचा चषक मालकाच्याच हाती देतात.

आजचा शर्यतीचा घोडा मात्र अवघ्या तीनशे वर्षांचा आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पूर्वेकडचे तीन घोडे इंग्लंडमध्ये गेले: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. जगातल्या प्रत्येक थरोब्रेडची पितृपरंपरा या तिघांपैकी एकाशी जाऊन पोचते, आणि बहुतेकांची डार्लीशीच. डार्लीच्या वंशातला इक्लिप्स १७६४ मध्ये जन्मला, १८ शर्यती धावला आणि एकही हरला नाही. १७९१ मध्ये या घोड्यांची वंशावळ पुस्तकरूपात छापली जाऊ लागली आणि ती आजही चालू आहे. इंग्लंडमधल्या एप्समची मूळ डर्बी १७८० ची. तिला कुणाचं नाव द्यायचं हे लॉर्ड डर्बी आणि सर चार्ल्स बनबरी यांनी नाणं उडवून ठरवलं, अशी कथा सांगतात. नाणेफेक डर्बींनी जिंकली म्हणतात, पहिली शर्यत मात्र बनबरींच्या डायोमेड या घोड्यानं जिंकली. नाणं उलटं पडलं असतं तर आज महालक्ष्मीवर इंडियन बनबरी धावली असती.

मराठी मुलखाला घोडा नवा नव्हता. भीमेकाठचं भीमथडी तट्टू घेऊन मराठ्यांनी उत्तरेपर्यंत मजल मारली. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, ज्याला सरकारी पागेतून मिळे तो बारगीर. पण तो घोडा दिवसभर चालणारा, थोड्या दाण्यावर भागवणारा होता. अडीच मिनिटांचा घोडा इंग्रजांबरोबर आला. मुंबईत १८०२ मध्ये बॉम्बे टर्फ क्लब निघाला आणि शर्यती भायखळ्याला होऊ लागल्या. पुण्याच्या लष्कर भागातलं रेसकोर्स १८३० चं. महालक्ष्मीचं मैदान १८८३ मध्ये मेलबर्नच्या कॉलफिल्ड रेसकोर्सच्या धर्तीवर आखलं गेलं. १९२५ मध्ये वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब स्थापन झाला आणि दहा वर्षांनी त्याला 'रॉयल' ही उपाधी मिळाली. हिवाळ्यात मुंबई आणि पावसाळ्यात पुणे, हे घोड्यांचं वेळापत्रक अजून तसंच आहे.

या इतिहासात एक पान खास आपलं आहे. १९४३ मध्ये पहिली इंडियन डर्बी झाली, ती प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीनं जिंकली. मालक बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड, जॉकी ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट. दोन वर्षांनी महाराजांनी इंग्लंडमध्ये एक वर्षाचं शिंगरू २८,००० गिनींना विकत घेतलं. तेव्हा ती विक्रमी किंमत होती. त्याचं नाव त्यांनी आपल्या आजोबांवरून ठेवलं: सयाजीराव. १९४७ मध्ये, हिंदुस्थान स्वतंत्र झाला त्याच वर्षी, सयाजीरावनं आयरिश डर्बी आणि डॉनकास्टरची सेंट लेजर जिंकली. सेंट लेजरला त्याच्यावर स्वार होता पुन्हा एडगर ब्रिटच. पुढच्याच वर्षी महाराजांच्या माय बाबू या घोड्यानं न्यूमार्केटची टू थाउजंड गिनीज ही शर्यत मारली. त्याआधी राजपिपलाच्या महाराजांच्या विंडसर लॅडनं १९३४ मध्ये एप्समची डर्बी जिंकली होती. मुंबईत लहानाचे मोठे झालेले तिसरे आगाखान यांनी तर ती पाच वेळा जिंकली.

पैशाची वाट

आता त्या काकाकडे वळू. रेसकोर्सवर पैसे लावण्याची मुख्य व्यवस्था म्हणजे टोट. यात तुम्ही क्लबविरुद्ध खेळत नाही, एकमेकांविरुद्ध खेळता. समजा एका शर्यतीवर सगळ्यांनी मिळून एक लाख रुपये लावले. कर बाजूला ठेवला तरी त्यातून क्लबचा खर्च म्हणून वीस हजार वजा झाले, तर ऐंशी हजार उरले. जिंकलेल्या घोड्यावर एकूण सोळा हजार लागले असतील तर रुपयाला पाच रुपये मिळणार. ज्या घोड्यावर सगळ्यांचा डोळा, त्याचा भाव पडतो. म्हणजे नुसता जिंकणारा घोडा ओळखून भागत नाही, इतरांच्या नजरेतून सुटलेला ओळखावा लागतो. वीस टक्के दर वेळी आधीच कापले जात असतील, तर वर्षभर खेळणाऱ्या सगळ्यांचा मिळून हिशेब तोट्यातच जाणार. कुणाच्या नशिबाशी याचा संबंध नाही. काकांचं घर या वजाबाकीत गेलं.

हा जुगार आहे की कौशल्य, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मद्रास रेस क्लबशी संबंधित खटल्यात १९९६ मध्ये न्यायालयानं सांगितलं की घोड्यांची शर्यत हा प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ आहे; घोड्याची वंशावळ, तयारी, जॉकी आणि अंतर यांचा अभ्यास करून अंदाज बांधता येतो. कायद्याच्या नजरेत म्हणून तो मटक्याहून वेगळा. करखात्याच्या नजरेत मात्र नाही. जीएसटी आला तेव्हा लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर बसला आणि सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. क्लबांचं म्हणणं असं की यामुळे पैसे लावणारा बेकायदा बुकीकडे वळतो. ते खरं मानलं तरी दुखणं मुळातलं आहे. घोड्याचा दाणा, मोतद्दाराचा पगार, बक्षिसाची रक्कम, सगळं अखेर त्या खिडकीतूनच येतं. क्रिकेटला प्रक्षेपणाचे पैसे मिळतात, कुस्तीला गावची जत्रा आणि सरकार हात देतं. रेसला खिडकीखेरीज दुसरा आधार उभा करता आलेला नाही.

जमिनीचंही तसंच. महालक्ष्मीच्या २११ एकरांपैकी १२० एकरांवर सार्वजनिक उद्यान करायचं आणि ९१ एकर क्लबकडे ठेवायचे, असं २०२४ मध्ये ठरलं. मुंबईत मोकळी जागा लोकांना मिळावी याला कोण नाही म्हणेल? पण आजवर मुंबईकरांनी हे मैदान आपलं मानलं नाही, हे क्लबांनीही स्वतःला विचारावं. सभासदांच्या कुंपणाआड राहिलेल्या खेळाच्या पाठीशी उभं राहायला कुणी येत नाही.

पळून झाल्यावर

शर्यतीचा घोडा थोडीच वर्षं पळतो, जगतो मात्र वीस-पंचवीस वर्षं. मधली वर्षं कुणी सांभाळायची, हा या धंद्याला विचारायचा खरा प्रश्न. चांगल्या वंशाचे पैदाशीला जातात, काही स्वारी शिकवणाऱ्या क्लबांकडे. काहींचं नशीब वाईट असतं. आणि काहींनी आपल्याला न विचारता आपले जीव वाचवले आहेत. घोड्याच्या रक्तापासून धनुर्वातावरचं आणि सर्पदंशावरचं औषध बनतं. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे पूर्वी परळच्या हाफकिन संस्थेला याच कामासाठी दिले जात. हे औषध आपणच का बनवू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये सिरम इन्स्टिट्यूट सुरू केली. कोविडमध्ये देशातल्या कोट्यवधी दंडांत गेलेली लस ज्या कारखान्यातून आली, त्याचा पाया शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यात घातला गेला होता.

या क्षेत्रात यावं का, असं एखाद्या मुलानं किंवा मुलीनं विचारलं तर उत्तर सरळ आहे. उंची आणि हाडाची ठेवण जन्माबरोबर येते. ती नसेल तर जॉकी होण्याचा हट्ट सोडावा. बाकी सगळं शिकता येतं: नालबंदी, पशुवैद्यक, सरावाची स्वारी, पैदास, ट्रेनरचं काम. अट एकच, पहाटे चारला उठायची आणि घोड्याचा पाय रोज हातानं दाबून बघायची तयारी हवी. आणि नुसती शर्यत बघायची असेल तर एकदा खिडकीपासून लांब राहून बघा. घोडे ट्रॅकवर जाण्याआधी पॅडॉकमध्ये गोल फिरतात. कोणाचं अंग घामानं भिजलंय, कोण कान टवकारून चालतोय, मागचा पाय पुढच्या पायाच्या खुणेपुढे पडतोय का, ते पाहा. आणि लगाम धरून शेजारून चालणाऱ्या मोतद्दाराकडेही पाहा. डर्बी जिंकल्यावर चषकाच्या फोटोत तो कडेला उभा असतो. घोडा मात्र त्याच्याच मागे तबेल्यात परत जातो.